म्हशीनं खाल्लेली भिंत

येळवणच्या संघपाल सोनकांबळे सरांची भिंत म्हशीनं खाल्ली, ही गोष्ट खरी आहे. पण लोक सांगतात तशी ती एका बैठकीत खाल्ली नाही. पाडव्यापासून रोज चार पेंढ्या, अशी शिस्तीत खाल्ली. नायगावपासून देगलूरपर्यंत ज्यानं त्यानं या गोष्टीला आपापलं शेपूट जोडलेलं असल्यामुळे ती एकदा सरळ सांगून टाकलेली बरी.

सर नायगावच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतात. वय एकोणपन्नास. या वयात माणूस प्लॉट घेतो, नाहीतर गुडघ्याचं तेल घेतो. सरांनी गोदाम घेतलं. गावाच्या कडेला सोसायटीचं खताचं जुनं गोदाम ओस पडलं होतं. ग्रामपंचायतीनं ते तीन वर्षांच्या करारानं सरांना दिलं आणि सरांनी तिथं 'नादघर' काढलं. नादघर म्हणजे प्रयोगशील संगीत आणि कला यांचं केंद्र. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी दिवेलागणीला तिथं कार्यक्रम व्हायचा. पेटी नाही, तबला नाही. ऑइल इंजिनचं चाक, फवारणीचा पंप, पत्र्यावर घरंगळणारी तूर आणि ओल्या दोरीनं घासलेली घागर, एवढ्यावर दीड तास. वाद्यं घडवायचे पिराजीमामा. त्यांनी चाळीस वर्षं आसपासच्या बारा गावांची इंजिनं दुरुस्त केली होती. "इंजिनाची खडखड बंद कशी करायची ते जलमभर शिकलो, आता ती काढायची कशी ते शिकून राहिलो," असं ते आल्या पाहुण्याला सांगायचे. नांदेडहून माणसं यायची, लातूरहून यायची, एकदा हैदराबादहून चौघं आले. येळवणच्या लोकांनी मात्र नादघराचं नाव 'ठणठण गोदाम' ठेवलं आणि ते रस्त्यावर आपण होऊन सांगायलाही लागले. त्यामुळे पाहुणे चुकत नसत. सरांचा अपमान व्हायचा, पण पाहुणे चुकत नसत.

आवाजाइतकाच सरांचा दुसरा ध्यास पर्यावरणाचा. दारातल्या फळ्यावर खडूनं नियम लिहिलेले होते. चहासाठी आपापला पेला आणावा. (लातूरच्या एका रसिकानं तांब्या आणला होता, नियमात माप दिलेलं नव्हतं.) बाटलीबंद पाणी आणू नये. सत्कार, हार, शाल, श्रीफळ नाही. फ्लेक्स नाही.

शेवटचे दोन नियम वाचून गाव हादरलं. जिथं दहावी पास झाल्याचा फ्लेक्स लागतो, ट्रॅक्टर घेतल्याचा लागतो, आणि वाढदिवसाच्या फ्लेक्सवर शुभेच्छा देणारे बत्तीस चेहरे पुढं आपल्या वाढदिवसाला तोच हिशोब वसूल करतात, तिथं फ्लेक्सशिवाय कार्यक्रम म्हणजे नवरदेवाशिवाय वरात. "सर, निदान तुमचा फोटो असलेला छोटासा तरी लावा," असं हितचिंतक सांगायचे. "नाहीतर कळंल कसं की कार्यक्रम हाय?"

"ऐकू येईल," सर म्हणायचे.

आणि अडचण तिथंच झाली. ऐकू येत होतं.

तक्रार केली बबलूनं. 'बबलू साउंड' या डीजेचा हा मालक. त्याची गाडी वाजत गेली की सोनकांबळे मॅडमच्या मांडणीवरून हरभऱ्याच्या डाळीचा डबा दर वेळी खाली यायचा. सरांच्या पत्नी बुद्धप्रिया मॅडम लग्नसराईत तो डबा आधीच जमिनीवर ठेवत. अशा या बबलूनं 'गोदामातील आवाजामुळे शांतता भंग होते' असा अर्ज ग्रामपंचायतीत दिला. त्याचं कारण सगळ्या गावाला ठाऊक होतं. सरांचा करार एप्रिलअखेर संपत होता आणि बबलूला डीजेची गाडी उभी करायला तेच गोदाम हवं होतं.

सरपंच उमाबाई शहाण्या. त्यांनी दोघांनाही नाराज केलं नाही, म्हणजे दोघांनाही कामाला लावलं. सरांना त्या म्हणाल्या, "एक मेच्या ग्रामसभेत ठराव घ्यावा लागतो सर. तुम्ही दोन गोष्टी करा. आवाज बाहेर येऊ देऊ नका, आन तालुक्याहून ते पर्यावरणस्नेही केंद्राचं प्रमाणपत्र आणा. कागुद हातात असला की मला बोलायला तोंड ऱ्हाईल. न्हाई तर बबलूचा मामा माझ्याच पॅनलमधी हाय, तुम्हाला माहीतच हाय."

म्हणजे नादघर राहायचं की जायचं, हे एका भिंतीवर आणि एका कागदावर येऊन ठेपलं.

गोदामाची गावाकडची बाजू नुसत्या पत्र्याची होती. सगळा आवाज तिथून निसटायचा. शहरातल्या एका कंपनीनं फोम बसवून देतो म्हणून कळवलं. फोम म्हणजे प्लास्टिक. सरांनी उत्तरही दिलं नाही. गावातून सल्ले यायला लागले. कुणी म्हणालं अंड्यांचे ट्रे लावा, कुणी म्हणालं गोधड्या टांगा, कुणी म्हणालं पत्र्याला शेण थापा. पिराजीमामांनी सगळ्यांत स्वस्त उपाय सुचवला. "आवाज अडवायचा असंल तर वाजवूच नका ना सर."

सरांनी रात्रभर विचार केला आणि सकाळी ब्रश तोंडात असतानाच त्यांना उत्तर सापडलं. कडबा! ज्वारीच्या ताटात मऊ भेंड असतं, भेंडात हवा असते, हवेत आवाज गुरफटून मरतो. पदार्थविज्ञानाचं पुस्तक आणि मराठवाड्याची माती यांची गाठ पडलेली पाहून सरांच्या तोंडातून फेस आला. तो पेस्टचा होता, पण भावना खरी होती.

गोदामाच्या पत्र्याच्या बाजूला लागूनच रुक्मिणबाईंचा गोठा. रुक्मिणबाई पासष्टीच्या, एकट्या, आणि त्यांची एक म्हैस. नाव हरणी. नुकतीच ज्वारी निघाली होती आणि कडबा ठेवायला जागा नव्हती. सरांनी विचारताच त्या म्हणाल्या, "न्या की. माझी गंजी रचायची मेहनत वाचली. फक्त उन्हाळ्यात लागला तर मी नेईन हां."

"बिलकुल, बिलकुल," सर म्हणाले.

इथं सर चुकले. चूक भाषेची नव्हती, नोकरीची होती. पंचवीस वर्षं पगारावर जगलेल्या माणसाला 'लागला तर' ऐकू येताना 'तर' मोठा ऐकू येतो. या मातीत उन्हाळ्यात कडबा लागला तर, असं म्हणणं म्हणजे दिवस उगवला तर म्हणण्यासारखं आहे.

पत्रा काढून तिथं तीनशे पेंढ्यांची भिंत उभी राहिली. पिराजीमामांनी ती अशी चापून रचली की आत इंजिनचं चाक फिरवलं तरी बाहेर चिमणीची चिवचिव तेवढी ऐकू यायची. पुन्हा सल्ले आले. उंदीर होतील. उंदरामागं साप येईल. कुणी विडी पेटवली तर भिंत आणि कला दोन्ही जातील. सरांनी फळ्यावर 'विडी ओढू नये' हा नियम वाढवला आणि पिराजीमामांनी कलेसाठी विडी सोडली, म्हणजे बाहेर जाऊन ओढायला लागले. फेब्रुवारीचा कार्यक्रम झाला, तेव्हा बबलू गोठ्यापलीकडच्या आपल्या दारात कान टवकारून बसला होता आणि त्याला काही म्हणता काही ऐकू आलं नाही. त्याला वाटलं कार्यक्रम रद्द झाला. तो झोपायला गेला. सरांच्या आयुष्यातली ती सर्वांत यशस्वी मैफल.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता रुक्मिणबाई गोदामात आल्या, भिंतीतून चार पेंढ्या ओढल्या आणि काखेत मारून गेल्या.

तिसऱ्या दिवशी सरांनी त्यांना गाठलं. "माय, हे काय करून राहिल्या?"

"हरणीला टाकून राहिले."

"पण ती भिंत आहे."

"हाव ना. भिंतीचाच कडबा हाय."

सरांनी त्यांना सगळं समजावून सांगितलं. बबलूचा अर्ज, ग्रामसभा, ध्वनिलहरी. रुक्मिणबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं, "सर, तुमच्या कार्यक्रमाच्या चहाला दूध कुणाचं येतं?"

"हरणीचं."

"चहा कशावर होतो?"

"गोबरगॅसवर. तुमच्याच."

"मंग? वाजवायला भिंत पायजे तशी चहाला म्हैस पायजे. भिंत ऱ्हाईली आन म्हैस मेली तर काय भिंत पिळता?"

सर पदार्थविज्ञानाचे. त्यांनी हे समीकरण मनात दोनदा मांडून पाहिलं. मग त्यांनी शिक्षकी तडजोड सुचवली. निदान सगळीकडून सारख्या पेंढ्या काढाव्या, म्हणजे भिंत एका उंचीनं कमी होईल. रुक्मिणबाई हसल्या. "जिथून सुटंल तिथून काढते बाप्पा. म्हातारीला काय मोजपट्टी देता." एप्रिलच्या मध्यापर्यंत भिंतीला गुडघ्याएवढं, माणसाएवढं आणि एका ठिकाणी चक्क खिडकीएवढं भगदाड पडलं. त्या भगदाडातून हरणी सरांकडे बघायची. रवंथ करत.

सरांनी भिंत सोडली आणि कागदाकडे मोर्चा वळवला.

तालुक्याच्या कार्यालयात हे काम पंचाक्षरी साहेबांकडे होतं. मूळचे उदगीरकडचे, भला माणूस, आवाज हळू. त्यांनी सरांचा अर्ज पानापानानं पाहिला आणि म्हणाले, "सगळं छान आहे. फक्त फ्लेक्सचा फोटो नाही."

"कसला फ्लेक्स?"

"प्लास्टिकबंदीचा. दहा बाय सहा. 'आम्ही प्लास्टिक वापरत नाही' असं त्यावर पाहिजे."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. साहेब तेच होते. "साहेब, फ्लेक्स प्लास्टिकचा असतो."

"असतो ना. पण संदेश बंदीचा आहे."

"कापडावर रंगवून चालेल?"

"कापडावर क्यूआर कोड नीट उठत नाही सर. पोर्टल घेत नाही."

अर्जात आणखी एक रकाना होता. 'ध्वनिरोधक भिंतीचे अपेक्षित आयुर्मान (वर्षांत)'. बाकीच्या संस्थांनी तिथं वीस, पंचवीस लिहिलं असणार. सर पेन हातात घेऊन पाच मिनिटं बसले. खोटं लिहिलं तर कागद पुढं सरकणार होता. मग त्यांनी 'वर्षांत' खोडलं आणि लिहिलं, 'अडीच महिने. म्हैस एक धरून.'

पंचाक्षरी साहेबांनी ते वाचलं. वर पाहिलं. "मी रविवारी पाहणीला येतो," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात नोकरीत क्वचितच येते तसली उत्सुकता होती.

शनिवारी संध्याकाळी बबलू स्वतः गोठ्यामागच्याच सरांच्या घरी आला. चहा घेतला, मॅडमना नमस्कार केला आणि मुद्द्यावर आला. "सर, कशाला टेन्शन घेऊन राहिले? माझ्याकडं जुना फोम पडलेला हाय, आज लावून देतो. फ्लेक्सबी मी छापतो, तुमचा फोटो मोठा, माझा बारका. मंग आवाजाची तकरार वापस. फक्त अर्ध्या गोदामात माझी गाडी."

हे ऐकताना सरांच्या मनात मोह आला नाही असं म्हणणं खोटं ठरेल. अर्धं नादघर वाचत होतं. समोर पिराजीमामा बसले होते, ते जमिनीकडे बघत म्हणाले, "सर, फ्लेक्स उलटा लावू. मागून पांढराच असतो. कुणाला कळतंय?"

"मला कळतंय," सर म्हणाले. आवाज जरा चढला. "तीन वर्षं मी लोकांना पेला आणायला लावला. लातूरच्या माणसाला तांब्यात चहा दिला, पण कागदी कप दिला नाही. आता गोदाम वाचवायला प्लास्टिकवर 'प्लास्टिक नको' छापू? गेलं तर जाऊ दे गोदाम. लिंबाखाली वाजवू. लिंब तोडला तर उन्हात वाजवू. फ्लेक्स लागणार नाही, फोम लागणार नाही, आणि बबलू, तुझी गाडी तर अजिबात लागणार नाही."

बबलू उठला. "मंग उद्या मी आवाज मोजतो सर. मोबाइलमधी मीटर हाय. सरपंचबाईला दारात उभं करून मोजतो."

तो गेल्यावर बुद्धप्रिया मॅडम पेले उचलत म्हणाल्या, "भाषण चांगलं झालं. आता उद्या अर्ध्या भिंतीत वाजवणार काय ते सांगा."

सरांना तोपर्यंत ते सुचलेलं नव्हतं. त्याच वेळी गोठ्यातून आवाज आला. कर्र, कर्र, कर्र. हरणी भिंत खात होती.

रविवारी दिवेलागणीला नादघर भरलं. पंचाक्षरी साहेब वेळेवर आले आणि सवयीनं गळा किंचित पुढं करून थांबले. हार आला नाही. शाल आली नाही. तालुक्यात पाहणीला येऊन मोकळ्या खांद्यानं उभं राहायची त्यांची पहिलीच वेळ. हात कुठं ठेवावेत हे त्यांना कळेना. रुक्मिणबाईंनी तो प्रश्न सोडवला. भिंतीतली एक पेंढी ओढून त्यांच्या हातात दिली. "टाका हरणीला. हेच उद्घाटन."

साहेबांनी पेंढी हातात घेतली आणि त्यांच्यातला साहेब कुठंतरी गळून पडला. पेंढी बांधलेला आळा एका झटक्यात पिळून सोडला, ताटं गुडघ्यावर मोडली आणि भगदाडातून पुढं करत "बा, बा," असं लहानपणीच्या कानडीत हरणीला बोलावलं. हरणीनं तोंड आत घातलं.

सरांनी हात वर केला. सगळं शांत झालं. ऑइल इंजिनाचं चाक नाही, पंप नाही. भोंगा नाही, माइक नाही. हरणी खात होती आणि साठ माणसं ऐकत होती. कर्र, कर्र. मध्येच फुस्स. पिराजीमामा ओल्या दोरीनं घागरीच्या काठावरून इतका हलका हात फिरवत होते की तो आवाज म्हशीच्या पोटातून येतोय असं वाटावं. सर परातीत तुरीचा एकेक दाणा सोडत होते. लग्नात, मयतीत आणि ग्रामसभेत सारख्याच पट्टीत बोलणारी येळवणची माणसं श्वास धरून बसली होती. कुणाला खोकला आला तर तो बाहेर जाऊन खोकून यायचा.

तिकडं बबलूच्या दारात उमाबाई खुर्चीवर आणि बबलू मोबाइल घेऊन उभा. मीटर एकाहत्तर दाखवत होतं.

"बघा सरपंचबाई, एकाहत्तर!"

उमाबाईंनी कान दिला. "बबलू, हा तुझा कुलर हाय."

बबलूनं आत जाऊन कुलर बंद केला. मीटर खाली उतरलं. पन्नास, त्रेचाळीस, छत्तीस. बबलू मोबाइल हलवून पाहायला लागला. तेवढ्यात आतून बबिता, म्हणजे बबलूची बायको, बाहेर आली. लेकराला कसंबसं झोपवलेलं, अंगाची लाही झालेली, आणि कुलर बंद. पुढचं सगळं छापण्यासारखं नाही. "आपल्या डीजेनं गाव बहिरं केलं तवा मीटर कुठं घातला होता?" एवढंच वाक्य सभ्य आहे. मीटर अठ्ठ्याऐंशीवर गेलं. ते साऱ्या नादघरानं ऐकलं. सरांनी दाणा सोडायचा हात तेवढ्यापुरता थांबवला आणि बबिताला दाद दिली. हैदराबादच्या एका रसिकाला तो कार्यक्रमाचाच भाग वाटला आणि त्यानं मान डोलावली.

आवाजाचा प्रश्न मिटला. कागदाचा मिटला नाही.

निघताना पंचाक्षरी साहेबांनी सरांचा हात धरला. "सर, मला काय कळत नाही का? भिंत म्हैस खाते, शेणाचा गॅस, गॅसवर चहा. यापेक्षा स्वच्छ केंद्र मी बघितलं नाही. पण फ्लेक्सचा फोटो टाकल्याशिवाय पोर्टल पुढं जात नाही. पोर्टलला म्हैस कळत नाही."

"मग राहू द्या," सर म्हणाले. "आम्हालाही पोर्टल कळत नाही."

एक मेची ग्रामसभा. प्रमाणपत्र नाही म्हणताच बबलूचा मामा उठला. अटी दोन होत्या, पुरी एकच झाली, कागद नाही तर करार नाही, गोदाम बबलूला द्यावं. मुद्दा बिनतोड होता. सरांनी बोलायला चार पानं लिहून आणली होती. पहिलं पान ध्वनीच्या इतिहासावर होतं. ते उठले, खाकरले, आणि मागून रुक्मिणबाईंचा आवाज आला.

"गोदाम कुणाला द्यायचं ते द्या बाप्पा. पण तिथं माझा कडबा हाय."

सभा थांबली.

"दीडशे पेंढ्या हायेत. तेवढ्या संपल्याबिगर कुणी आत गाडी घालायची न्हाई. पावसाळा तोंडावर हाय, म्या म्हातारी कुठं नेऊ? पावसाळ्यात हरणी हिरवं खाईल, आन हा संपायच्या आत पुढच्या ज्वारीचा येईल. तोबी तिथंच रचणार."

बबलूचा मामा खाली बसला. येळवणमध्ये माणूस दुसऱ्याचा बांध कोरेल, पाण्याची पाळी चोरेल, निवडणुकीत शब्द फिरवेल. पण बाईमाणसाच्या रचलेल्या कडब्याला, तिच्या तोंडून हो आल्याशिवाय, कुणी हात लावत नाही. तसं केल्याचं नाव गावात तीन पिढ्या निघतं. सभेत बसलेल्या प्रत्येकाचा कडबा कुणाच्या ना कुणाच्या जागेत रचलेला होता. रुक्मिणबाईंचा कडबा हलला असता तर उद्या सगळ्यांच्याच गंज्या उठल्या असत्या.

उमाबाईंनी तेवढ्यात ग्रामसेवकाला मजकूर सांगितला. 'सोसायटीचे जुने गोदाम पुढील तीन वर्षांसाठी चारा साठवण्याकरिता राखीव ठेवण्यात येत आहे. व्यवस्था श्री. संघपाल सोनकांबळे पाहतील. उरलेल्या जागेत वाजवण्यास हरकत नाही.' हात वर झाले. बबलूच्या मामाचाही झाला. त्याचाही कडबा सोयऱ्याच्या वाड्यात होता.

सर उभेच होते. तीन वर्षांची साधना, हैदराबादचे रसिक, नादाचं तत्त्वज्ञान, आणि सरकारी दप्तरात चारा गोदाम! त्यांनी हरकत घ्यायला तोंड उघडलं. बुद्धप्रिया मॅडमनी खालून सदऱ्याचं टोक ओढलं.

"बसा. म्हशीनं मिळवलंय ते. तुम्ही घालवू नका."

सर बसले. पण तो माणूस हार मानणाऱ्यातला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी फळा पुसला. 'नादघर' काढून मोठ्या अक्षरात 'येळवण चारा गोदाम' लिहिलं. खाली सगळे जुने नियम जसेच्या तसे. पेला, पाणी, सत्कार नाही, फ्लेक्स नाही. मग थोडा वेळ विचार करून त्यांनी एक ओळ वाढवली. 'प्रवेश : माणशी एक पेंढी.'

मेच्या शेवटच्या रविवारी देगलूर रोडनं जाणाऱ्यांनी पाहिलं, की लातूर पासिंगच्या पांढऱ्या गाड्या टपावर कडबा बांधून येळवणकडे वळत आहेत. त्यांतल्या एकीच्या टपावर तर पूर्ण भारा होता. तिच्यातून तो तांब्यावाला उतरला. पंचाक्षरी साहेब रजा टाकून आले, पेंढी काखेत. बबिता लेकराला घेऊन आली. सरांनी तिला पुढच्या महिन्यात सादर करण्याचं आमंत्रण दिलं आणि ती पदर तोंडाला लावून हसली. पिराजीमामा दारात प्रत्येक पेंढी घेऊन ती भगदाडात चापून बसवत होते. भिंत खांद्यापर्यंत आली होती.

हैदराबादचा एक पाहुणा पहिल्यांदाच आला होता. हातातली पेंढी त्यानं विमानाच्या तिकिटासारखी पुढं धरली. "ये कहाँ दिखाना है?"

पिराजीमामांनी बोट केलं. भगदाडातून मान आत घालून हरणी उभी होती. तिनं पेंढी हुंगली, पाहुण्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि आत जाऊ दिलं.